ओठांवर अडलेले नाव

मित्रांनो, मी फुलांचे पाणी काढणारा एक जुना तांब्याचा हंडा आहे. नाबुल गावात मन्नाना नावाच्या विधवा बाईच्या अंगणात मी उभा असतो. तांबटाने मला हातोडीने ठोकून घडवले, डोक्यावर घुमटासारखे झाकण बसवले आणि झाकणाला लांब नळी जोडली. मन्नाना नवी नवरी होऊन आली, तेव्हा मीही तिच्याबरोबर या घरात आलो.

दर वसंतात ती आणि तिची शेजारीण सलूहा कडू नारिंगाची फुले माझ्या पोटात भरत. खाली मंद आच आणि नळीतून थेंब थेंब पाणी. असे सुवासिक पाणी दुसरीकडे मिळत नाही, असे सारी गल्ली म्हणे. मी फुलून जाई.

आता माझ्या पोटात कांदे ठेवतात. खालचे कुजतात, त्यांचा रस तळाशी साचतो आणि तिथे हिरवा कळंक चढतो. त्या वासाची मला किळस येते. पण त्याहून अधिक किळस येते ती शुक्रवारच्या जेवणाची.

मन्नानाला हल्ली नावे चटकन आठवत नाहीत. समोरचे माणूस तिच्या ओळखीचे असते, त्याचे सारे घरदार तिला ठाऊक असते. फक्त नाव ओठांपर्यंत येऊन अडते. तिचा मुलगा मुंदिर याने त्याचा खेळ केला. दर शुक्रवारी पाहुणे अंगणात कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या, परातीभोवती बसले की तो तोंडात घास ठेवूनच कुणाकडे तरी बोट दाखवी.

“आई, हा कोण गं?”

“थांब जरा. येतंय.”

“येतंय म्हणे. गाढवावर बसून येतंय बहुतेक.”

सगळे तेलकट ओठांनी हसत. मला शिसारी येई.

एकदा सलूहा जेवायला आली. मुंदिरने तिच्याकडे बोट केले. मन्नानाला नाव आठवेना.

“ही वसीला ना, आई?” त्याने मुद्दाम भलतेच नाव घेऊन विचारले.

“हो, वसीला,” ती शरमून म्हणाली. एकच हशा उसळला.

सलूहाने हातातला घास खाली ठेवला. “मुंदिर, तुझं अन्न माझ्या घशाखाली उतरत नाही,” असे म्हणून ती निघून गेली.

वसंत येताच ती फुलांची गोणी घेऊन आली. तिने कांदे फेकून दिले आणि राख-लिंबाने मला आतून लख्ख घासले. मन्नानाला तिने ‘मी कोण’ असे विचारले नाही. दोघी जुन्या गोष्टी बोलत फुले भरत राहिल्या. वाफेचा वास अंगणात पसरला, तेव्हा मन्नाना सहज म्हणाली,

“सलूहा, आच कमी कर गं. पाण्याला जळका वास लागेल.”

सलूहाने आच कमी केली आणि हळूच डोळे पुसले.

मुंदिर आतून धावत आला. “आठवलं की तुला. आता माझ्या बायकोचं नाव सांग बरं.”

मन्नानाच्या ओठांवर नाव पुन्हा अडले. मग तिने त्याच्याकडे रोखून पाहिले.

“तुला ठाऊक आहे ना तिचं नाव?”

“आहे की.”

“मग मला कशाला विचारतोस?”

मुंदिर हसायला गेला, पण त्याच्याबरोबर हसायला तिथे कोणी नव्हते.

पुढच्या शुक्रवारी त्याने बोट उचलले नाही. तो सुधारला की नुसता ओशाळला, मला ठाऊक नाही. माझी शिसारी अजून गेलेली नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाजवळ बसाल तेव्हा आधी आपले नाव सांगा. त्याला शब्द सापडत नसेल, तर थांबा. आणि नाव नाहीच आले, तरी परीक्षा घेत त्याचे जेवण निवू देऊ नका.