लाल चकतीचा भाव

ऑक्टोबरात ओटावातली दोन मराठी मंडळे एक झाली, आणि कमलाबाईंना क्लिनिकला नेऊ शकतील अशा गाड्या तीनाच्या चौदा झाल्या. त्याच हिवाळ्यात कमलाबाईंना क्लिनिकला न्यायला गाडी मिळाली नाही. फेब्रुवारीत त्यांचे उजवे पाऊल कापावे लागले.

मार्चमध्ये त्यांची मुलगी प्रीती उन्मेषच्या घरी आली. कोट न काढता बसली. ती एका प्रयोगशाळेत पाळीने काम करी, गाडी चालवत नसे, आणि उगाच कोणाच्या दारात जाणाऱ्यांपैकी नव्हती.

"उन्मेषदा, स्कीम तुमची होती," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. आमच्याकडे यायला तुमच्या लोकांना जड गेलं का? तसं असेल तर तसं सांगा. मला सवय आहे."

उन्मेष पदार्थविज्ञान शिकलेला, ओटावातल्या एका सरकारी कचेरीत किमतींच्या आकडेवारीचे काम करणारा. पुराव्याआधी निष्कर्ष काढणाऱ्या माणसांचा त्याला कंटाळा होता. तो नाही म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही. शोधून सांगतो, एवढेच म्हणाला.

दोन्ही मंडळांच्या चकत्या एक करण्याची स्कीम खरोखरच त्याची होती. शहराच्या पश्चिमेला, कनाटातल्या सॉफ्टवेअरवाल्या घरांनी आपसांत निळ्या प्लॅस्टिकच्या चकत्या चालवल्या होत्या. कोणी कोणाची मुले सांभाळावीत, कोणी कोणाच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसावा, विमानतळावर सोडावे, आणि त्याच्या चकत्या घ्याव्यात. पूर्वेला आंबेडकर असोसिएशनच्या घरांत तशाच लाल चकत्या चालत. तिथे नियम एकच होता: उपकार नको, देवाणघेवाण हवी. कमलाबाई तो सगळ्यांत कडक पाळत. उन्हाळाभर त्या बाल्कनीत कुरडया वाळवत, पुडक्याला एक चकती घेत, आणि साठवलेल्या चकत्यांवर हिवाळ्यात, मधुमेहाने चिघळलेल्या पायाचे ड्रेसिंग करून घ्यायला दर आठवड्याला असोसिएशनमधल्याच वाल्मिकच्या व्हॅनने जात. जाण्यायेण्याच्या दोन चकत्या. हिवाळ्यात कुरडया वाळत नाहीत, म्हणून हिशेब उन्हाळ्यातच पुरा करायचा, ही त्यांची पद्धत.

दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन दोन्ही मंडळांनी त्या वर्षी प्रथमच एकत्र साजरे केले, आणि त्याच सभेत चकत्याही एक झाल्या.

लोकांनी कारणे आधीच ठरवून टाकली होती. कनाटात बोलले जाई की बसच्या संपाने घात केला. संप झाला होता, पण डिसेंबरात. आणि क्लिनिकमधली नर्स म्हणाली की कमलाबाईंच्या खेपा नोव्हेंबर संपतानाच चुकू लागल्या होत्या. संपाने फक्त उरलासुरला मार्ग बंद केला. बर्फाचे कारणही टिकले नाही, कारण नोव्हेंबरात रस्ते मोकळे होते. प्रीतीची शंका उन्मेषने सगळ्यांत सावकाश तपासली. कनाटातल्या अकरा गाडीवाल्यांना त्याने एकेक करून विचारले. कोणी नकार दिला नव्हता, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

मग तो वाल्मिककडे गेला. वाल्मिक व्हॅनचे विंटर टायर उतरवत होता. त्याने पाना खाली ठेवला नाही.

"सभेनंतर तुमच्या कनाटाचे फोन सुरू झाले," तो म्हणाला. "एअरपोर्टला चल, सहा घे. इकडं मी दोनात जायचो. तुमच्या लोकांना सहा म्हणजे काहीच वाटत नव्हतं, दादा. घरोघर डबे भरले होते चकत्यांनी. मग मी घ्यायचे नाहीत?"

"आणि कमलाबाई?"

"आधी चार म्हटलं, मग सहा. सगळ्यांनाच तेच." त्याने पुढचा नट सैल केला. "त्यांच्या चकत्या संपल्या तेव्हा म्हटलं, मावशी, बसा तशाच. तर म्हणाल्या, फुकट नेशील तर पुन्हा तुला तोंड दाखवणार नाही. तुम्ही न्या बरं त्यांना फुकट, बघू."

नंतर उन्मेष कमलाबाईंना भेटायला गेला. त्या खिडकीशी खुर्चीत होत्या, पायांवर गोधडी. त्यांनी त्याला आधी चहा घ्यायला लावला आणि मगच बोलू दिले. प्रीतीला त्यांनी शेवटपर्यंत 'क्लिनिकले गेली होती' असेच सांगितले होते. आधी जमेल तेव्हा बसने गेल्या, संपात घरीच पट्टी बदलत राहिल्या.

"मले एकच समजलं नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "चकत्या त्याच, डब्बा तोच. मी एकही वाया घालवली नाई. मंग हिवाळाभर पुरल्या कशा नाई?"

या प्रश्नाचे उत्तर उन्मेषला ठाऊक होते. त्याचे पोट त्या प्रश्नावर चालत होते.

सभेत हेमचंद्र, कनाटाचे खजिनदार, दबकत म्हणाले होते की दोन्हींचा दर आधी तपासून घेऊ. सगळ्या माना खाली गेल्या. लाल आणि निळ्यात फरक काढायचा, म्हणजे कोण वरचे आणि कोण खालचे हे त्या दिवशी, त्या सभेत, तोंडाने बोलायचे. तेव्हा उन्मेषच उठला होता. एकास एक, म्हणाला. आपण इथे माणसांचा भाव ठरवायला बसलेलो नाही. टाळ्या दोन्हीकडून पडल्या. प्रीतीनेही वाजवल्या होत्या.

परतताना तो प्रीतीच्या प्रयोगशाळेवर गेला. ती खाली लॉबीत आली, आणि या वेळी बसलीही नाही.

"कोणाला जड गेलं नव्हतं," तो म्हणाला. "सभेत कोणाला शरम वाटू नये म्हणून मी दर तपासला नाही. आम्ही सगळे धरून चाललो होतो की तपासला तर लाल कमी भरेल."

"आणि?"

"कनाटात सुरुवातीलाच घराला पन्नास चकत्या वाटल्या होत्या. तुमच्याकडे दहा. जे काम आमच्याकडे सहाला व्हायचं, ते तुमच्याकडे दोनात. लाल चकती निळीच्या तिप्पट होती, प्रीती."

ती म्हणाली, "आईला हे तुम्हीच सांगा. पण याच शब्दांत. समानता वगैरे काही म्हणू नका."

त्याने त्याच शब्दांत सांगितले, आणि दोन्ही मंडळांनाही तेवढेच लिहून कळवले. एका लाल चकतीला तीन निळ्या, हा खरा दर होता. तो न मोजता एकास एक ठरवला गेला. निळ्या चकत्या पूर्वेकडे आल्या, तिथले भाव महिन्याभरात तिप्पट झाले, आणि ज्यांच्याजवळ कमाई नव्हती, फक्त साठवण होती, त्यांची साठवण तिसऱ्या हिश्श्यावर आली. अशी व्यक्ती एकच होती. तिच्या चकत्या नोव्हेंबरात संपल्या.