शेगडीशेजारची खुर्ची

खानावळीच्या दारावर पाटी होती, ‘या, बसा, घर आपलंच आहे.’ वेंडेलिन बावीस वर्षं ती वाचून आत जायचा आणि दाराजवळच्या, वारा लागणाऱ्या बाकड्यावर बसायचा. शेगडीशेजारचं गोल टेबल गावातल्या जुन्या मंडळींचं. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. वेंडेलिन डोंगरापलीकडचा, बायकोच्या गावी येऊन राहिलेला. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून घरात बोलायला भिंतीच.

शेगडीची लाकडं मात्र तोच दर आठवड्याला स्वतःची फोडून आणून, खानावळीच्या मागच्या अंगणात रचून जायचा. कोणी मागितली नव्हती आणि कोणी नकोही म्हटलं नव्हतं.

ऑक्टोबरात गोल टेबलावरचा म्हातारा एगिड वारला. तीन आठवडे थांबून, शुक्रवारी संध्याकाळी वेंडेलिन इस्त्रीचा सदरा घालून आला. तिथल्या रीतीप्रमाणे, नमस्कार म्हणून गोल टेबलावर बोटांनी दोनदा ठोकलं आणि एगिडच्या खुर्चीत बसला.



“वेंडेलिन, वाट चुकलात की काय?” म्हातारे मास्तर बुर्कहार्ट हसत म्हणाले.

“जागा रिकामी दिसली, मास्तर.”

“रिकामी कुठे? एगिडची आहे.”

“एगिडला पुरलं की आपण.”

“म्हणून काय लगेच? काय हो मालकीणबाई?”

मालकीण क्रेसेन्झने वेंडेलिनचा बिअरचा मग अलगद उचलून बाकड्यावर नेऊन ठेवला. “इथं बसा ना वेंडेलिनभाऊ. तुम्हाला मोकळं वाटेल.”

तो उठला. मंडळींनी लगेच एकमेकांच्या हातांत हात अडकवले आणि डुलत डुलत आपल्या गावच्या आपुलकीचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला मास्तरांचा कुत्रा एगिडच्या खुर्चीवर चढून झोपला. त्याला कोणी उठवलं नाही.

वेंडेलिनने बिअर संपवली, अंगणात जाऊन सगळी लाकडं गाडीत भरली आणि घरी नेली.

पुढच्या शुक्रवारी गोल टेबल कोट-टोप्या घालून बसलं. मास्तरांचं नाक गळत होतं, तरी ‘आपल्याकडची ऊबच वेगळी’ हे त्यांचं चालूच होतं. शेवटी क्रेसेन्झ धापा टाकत वेंडेलिनच्या दारात आली.

“भाऊ, चला. मास्तर म्हणतात, खुर्ची तुमचीच.”

वेंडेलिनच्या पाठीमागे शेगडी धडधडत होती. बावीस वर्षं त्याला हेच वाक्य ऐकायचं होतं.

“मास्तरांना म्हणावं, कुत्रा मांडीवर घ्या,” तो म्हणाला. “गरम असतो.”

आणि त्याने दार लावून घेतलं.