विचारलं तरच

केंटकीच्या डोंगरातल्या त्या काउंटी कोर्टात व्हर्लीन टॅकेट एकतीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसत आली होती. काचेवर पाटी होती, 'येथे कायद्याचा सल्ला मिळणार नाही.' कुठला फॉर्म, कुठली खोली, कुठली तारीख, हे सांगायचं. सही करू की नको, हे नाही. आणि माहितीसुद्धा विचारली तरच. न विचारलेलं सांगितलं की तो सल्ला झाला, असं तिच्या ऑफिसातल्या साहेबांचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या खिडकीतल्या पोरीनं एका म्हाताऱ्याला 'नका हो सही करू' म्हटलं आणि त्याच आठवड्यात ती घरी बसली. व्हर्लीनची पेन्शन अकरा महिन्यांवर आली होती. ती जिभेला कुलूप लावूनच कामाला यायची.

सोमवारी सकाळी डेसी स्टिडम खिडकीशी आली. चर्चला घालायचा निळा झगा, हातात कागद. तिचं प्रकरण सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. दीर दारू पिऊन आला, लाथा घालून दार उघडलं, आणि डेसीनं चुलीवरचा बिडाचा तवा उचलून त्याच्या कानशिलात हाणला. सात टाके पडले. शुद्धीवर आल्यावर गडी थेट पोलिसात गेला, आणि गुन्हा लागला डेसीवर, मारहाणीचा. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"व्हर्लीनबाई, सही खाली करायची ना? सरकारी वकील चांगला माणूस आहे हो. म्हणाला, आज गुन्हा कबूल कर, तुरुंग नाही, थोडा दंड भर आणि घरी जा."

"सही खालीच," व्हर्लीन म्हणाली.

"बरं झालं. पुढच्या महिन्यात मार्लीच्या दत्तकाची तारीख आहे. त्याआधी हे झेंगट मिटवून टाकते. पाटी कोरी!"

मार्ली चार वर्षांची. सरकारनं सांभाळायला दिलेली ती पोर डेसीनं तीन वर्षं पोटच्या लेकरासारखी वाढवली होती. आणि ही बाई मारहाणीची कबुली देऊन पाटी कोरी करायला निघाली होती! कबुली दिली की शिक्षा होवो न होवो, गुन्हा नावावर बसतो. तो कागद दत्तकाच्या न्यायाधीशापुढे जातो. अशा एका कागदापायी सरकारी माणसांनी पोर उचलून नेलेलं व्हर्लीननं दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा सही तिच्याच पेनानं झाली होती.

"आणखी काही विचारायचंय तुला?" तिनं विचारलं.

"पेपरात नाव येतं का?"

"येतं. गुरुवारी. आणखी?"

"दंड आजच भरायचा?"

"मुदत मिळते. आणखी काही? नीट आठव गं."

"नाही बाई. पेन द्या."

पेन व्हर्लीनच्या हातातच होतं. मागच्या टेबलाशी साहेब कॉफी ढवळत होते. तिनं आवाज खाली आणला नाही.

"डेसी, माझ्या खिडकीत लोक नेहमी काय काय विचारतात, सांगू? त्याला बंदी नाही. कुणी विचारतं, कबुली दिल्यावर शिकारीची बंदूक ठेवता येते का? कुणी विचारतं, नर्सिंगच्या नोकरीवर घेतील का? कुणी पोरांबद्दल विचारतं."

डेसीचा हात थांबला. "पोरांबद्दल काय विचारतात?"

"हा कागद दत्तकाच्या न्यायाधीशापुढे जातो का, असं विचारतात."

"जातो का?"

"जातो."

डेसीनं कागद काचेखालून मागे ओढला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. "पण मी मारलंय त्याला. मारलं नाही असं कसं म्हणू? देवाला काय तोंड दाखवू?"

"वकील कुठे मिळतो, असंही लोक विचारतात."

"कुठे मिळतो?"

"न्यायाधीशाकडे मागायचा. ऐपत नसेल तर कोर्ट फुकट देतं. खोली नंबर दोन."

साहेबांचा चमचा थांबला होता. व्हर्लीननं मागे वळून पाहिलं नाही.

खोली दोनचं दार उघडंच असायचं. अर्ध्या तासानं आतून डेसीचा आवाज आला, चर्चमध्ये साक्ष द्यावी तसा खणखणीत.

"मी त्याला मारलंय, जजसाहेब. ते नाही म्हणणार नाही. पण कबुलीवर सही करणार नाही. मला वकील पाहिजे."

कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "तुम्ही काही म्हणू नका. 'गुन्हा अमान्य' असं कोर्टच तुमच्या वतीनं लिहून घेतंय. तसा कायदाच आहे. वकील मिळेल. पुढची तारीख घ्या."

डेसी बाहेर आली ती नव्या तारखेचा कागद हातात घेऊन. पोर अजून तिची होती. निदान लढायला मिळणार होतं. व्हर्लीनला वाटलं, आता ही आभार मानेल, आणि आपण म्हणू, 'माझं कामच आहे ते.'

डेसी काचेपाशी उभी राहिली. रागावली नव्हती. नुसती बघत होती.

"तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मी विचारलंच नसतं तर?"

व्हर्लीन काचेवरच्या पाटीकडे बघत राहिली. आतून ती उलटी दिसायची.

डेसी गेली. रांगेतला पुढचा माणूस सरकला. खाणीतला कामगार असावा, नखांत कोळसा होता. त्यानं तसलाच कागद पुढे केला.

"सही कुठं करायची, बाई?"

साहेब आता तिच्या खुर्चीमागेच येऊन उभे होते. त्यांच्या कॉफीचा वास येत होता.

"करू नका," व्हर्लीन म्हणाली. "आधी वकील मागा."