नंबरताईंचं फूल

"घ्या, लावा नाक. चांगलं जवळून हुंगा," नंबरताईंनी कुंडी उचलून सेक्रेटरींच्या तोंडापुढे धरली.

सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले. त्यांच्यामागे जिन्यात उभ्या असलेल्या बायकांनी नाकाला रुमाल लावले.

"हुंगायला कशाला पाहिजे ताई? जिन्यात पाय ठेवला की येतोय. माझ्या घरात कालपासून कोणी धड जेवलेलं नाही."

"अहो, कळी मिटलेली आहे. मिटलेल्या कळीला वास नसतो."

"मागच्या वर्षीही तुम्ही असंच काहीतरी म्हणाला होतात."

हे धादांत खोटं होतं. मागच्या वर्षी ताई काही म्हणाल्याच नव्हत्या. ते फूल पहिल्यांदा उमललं तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. बशीएवढं, पाच पाकळ्यांचं, केसाळ, कच्च्या मांसाच्या रंगाचं, आणि वासही कुजक्या मांसाचा. माश्यांना भुलवायला तो तसाच असावा लागतो. बिल्डिंगवाल्यांनी दिवसभर मेलेला उंदीर शोधला, आणि संध्याकाळी हा उंदीर म्हणजे ताईंच्या बाल्कनीतलं फूल निघालं. तेव्हापासून जिन्यात कुणी नुसतं शिंकलं तरी लोक ताईंच्या दाराकडे बघत.

"रविवारपर्यंत हे झाड बाहेर गेलं पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले. "नाहीतर मी स्वतः उचलून टाकीन. मग मला बोल लावू नका."

ताईंनी दार लावलं आणि कुंडी जपून जागेवर ठेवली.

ताई एका दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायच्या, म्हणून नंबरताई. उभा जन्म "मी रोज दोनदा घासतो हो" असं ऐकण्यात गेला, आणि नंतर आत ते दात कसे निघतात हेही त्यांनी पाहिलं. त्यामुळे कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची सवयच उरली नव्हती. रोपवाटिकेतल्या तयार रोपावरसुद्धा त्या भरवसा ठेवत नसत. जे काही हवं ते स्वतः बी पेरून उगवायचं. चूळ भरायच्या कागदी पेल्यांना भोकं पाडून त्यात धुतलेली वाळू भरायची, आणि डॉक्टरांनी टाकून दिलेल्या वाकड्या टोकाच्या सळईने एकेक बी त्यात टेकवायचं. या झाडाच्या बिया चपट्या, तपकिरी, शेंडीला रेशमाचा झुबका असलेल्या. खिडकी उघडी राहिली आणि निम्म्या उडाल्या. उरलेल्यांतलं हे एकच रोप जगलं. ते टाकायचं? छे!

पण यांचे कान भरले कोणी?

उत्तर त्यांना लगेच सापडलं. खालच्या मजल्यावरचे लिफ्टवाले काका! लोकांच्या बिल्डिंगमधल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आणि स्वतः राहायला आले बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. ताईंच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळे. सकाळी ताईंनी झारी उचलली की थोड्या वेळात खालून हाक यायचीच, "पाणीऽऽ!" त्यावरून मागच्या उन्हाळ्यात कडाक्याचं वाजलं, आणि बोलणं बंद झालं. उरली ती एवढी हाक.

आता कसे चिडीचूप बसलेत! दार बंद, खिडकी बंद. काडी लावून नामानिराळे. तोंड दाखवायला लाज वाटत असणार.

ताईंनी कळीला प्लास्टिकची पिशवी घातली आणि दोऱ्याने घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशी वास दुप्पट झाला. सेक्रेटरींच्या बायकोने जिन्यातच ओकारी काढली आणि ताईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय बाई हौस एकेकाची!"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. म्हाताऱ्याने आपल्याला अडकवायला मुद्दाम मेलेला उंदीर आणून ठेवला असेल का? त्यांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. दोरीवर निळा टॉवेल होता. उंदीर काही दिसला नाही.

मग त्यांनी मुद्दामच मगभर पाणी कठड्यावरून सोडलं. ते नेमकं टॉवेलवर पडलं.

खालून आवाज नाही.

"काका, पाणी सांडलं बरं का!" ताई मोठ्याने म्हणाल्या. वर्षभरात काकांशी बोललेलं हे त्यांचं पहिलंच वाक्य.

काहीच नाही. आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. काल झारीने पाणी घातलं तेव्हा तरी हाक आली होती का? परवा? टॉवेल तर परवाही हाच होता, याच चिमट्यांत.

हातातला मग तिथेच टाकून त्या चपला न घालताच खाली धावल्या. काकांच्या दाराशी वास असा होता की त्यांना भिंत धरावी लागली.

"काका! अहो काका, दार उघडा!"

आवाजाने माणसं जमली. "ते भाच्याकडे जातात अधूनमधून," कुणीतरी म्हणालं.

"टॉवेल दोरीवर ठेवून?" ताईंनी विचारलं. सेक्रेटरी दार फोडायला सुताराला आणायला पळाले.

काका खुर्चीशेजारी जमिनीवर होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं असावं, तीन-चार दिवस झालेत.

"म्हणजे आपण वर ताईंच्या दारात भांडत होतो तेव्हा..." सेक्रेटरींच्या बायकोने वाक्य अर्धवटच सोडलं.

भाचा आला. सगळं उरकल्यावर त्याने जिन्यात विचारलं, "मामा शेवटचं कुणाशी बोलले होते?"

"माझ्यावर ओरडले होते," ताई म्हणाल्या. "रोज ओरडायचे. मला वाटलं, मुद्दाम गप्प बसलेत."

"तुमच्यामुळे निदान कळलं तरी," म्हणत भाच्याने हात जोडले. त्याचं ते हात जोडणं ताईंना सोसवलं नाही. मिटलेल्या कळीला वास नसतो, हे साऱ्या बिल्डिंगमध्ये त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं. मग वास येतो कुठून, हे शोधायला त्यांनाही दोन दिवस लागले. तेवढ्या वेळात त्यांनी मनातल्या मनात एका मेलेल्या माणसाशी भांडून घेतलं होतं. त्यांना स्वतःची विलक्षण शरम वाटली.

खोली फिनेलने धुतली गेली. रविवार उलटला, पण झाडाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, कळी उमलली. फूल गेल्या वर्षीपेक्षा मोठं होतं. वासही तसाच, दाराच्या फटीतून जिन्यात उतरणारा. ताई दारामागे उभ्या राहिल्या. आता येतील सगळे. येऊ देत. या खेपेस आपलंच आहे, कबूल करायचं.

खाली एक दार उघडलं. मग दुसरं. आरडाओरडा झाला नाही. कुणीतरी शेजारचं दार ठोठावत होतं, "अहो आजोबा, आहात ना?" मग त्या पलीकडचं. ठोठावण्याचा आवाज मजल्यामजल्याने वर चढत आला आणि ताईंच्या दाराशी थांबला.

"ताई?" सेक्रेटरींचा आवाज होता, दबलेला. "आहात ना?"

"आहे," ताई म्हणाल्या. "फूल उमललंय."

"बरं," ते म्हणाले, आणि वरच्या मजल्याची दारं ठोठावायला गेले.