वढ्याकाठची हजेरी

शाळा सोडायची का न्हाय, यावरनं त्या दिवशी शाळेच्या दारातच जुंपली. आभाळ फाटल्यागत पाऊस कोसळत होता आणि त्याच्यावर ताण करून आमचे सरपंच जोतीराम ओरडत होते.

"बाई, वरनं आदेश न्हाय तर शाळा सोडताच कशी? उद्या तालुक्यानं इचारलं तर तोंड कुणी द्यायचं?"

राजमतीबाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. जयसिंगपूरहून रोज एसटीनं यायच्या. अंगानं बारीक, पण बोलायला लागल्या की पत्र्यावरच्या पावसाचा आवाज खाली पडायचा.

"सरपंच, पाणी काय आदेश वाचून चढतंय व्हय? तालुक्याचा फोन सकाळधरनं मुका झालाय. मी कुणाची वाट बघू?"

"आवं, खिचडी शिजलीया!"

"मग तुम्ही बसा खायला. मी घंटा देतीय."

आणि दिली की! दोन हजार पाचचं साल ते. पंचगंगा पात्र सोडून उसात शिरलेली आणि तिला मिळणारा आमचा वढा फुगत चाललेला. गावातली पोरं पोत्याच्या खोळा घेऊन घराकडं पळाली. घोर होता तो वढ्यापलीकडच्या मळ्यातल्या पोरांचा. बाई त्यांना घेऊन निघाल्या. संगतीला पालक समितीची आक्काताई होती. बुद्धविहाराच्या शेजारी तिचं घर. समितीत नाव लागलं म्हणून मिरवणारी न्हवं ती, हाताला धरून पोरं शाळेत आणून बसवणारी.

वढ्यावर पोचल्या तर पलीकडं जायची फरशी, म्हणजे वढ्यावरचा ठेंगणा पूल, पाण्याखाली गेलेली. पलीकडं मळ्यातली माणसं गोळा झालती. सगळ्यांच्या म्होरं झुंबरबाई, डोक्यावर पोतं, लुगडं गुडघ्यापतुर खोचलेलं. तिची दोन लेकरं अलीकडं, श्रुती आणि धाकटा पृथ्वीराज.

"बाई, सोडा पोरास्नी! गुडघाभर तर पानी हाय!"

"न्हाय सोडायची!"

"माजी लेकरं हायती ती!"

"तुमचीच हायत म्हणून तर न्हाय म्हणतीय!"

झुंबरबाईला राग अनावर झाला. ती स्वतःच पाण्यात उतरली. तिचा नवरा पिराजी मागनं "अगं, अगं" करत धावला. तेवढ्यात वरनं एक बाभळीचं आख्खं झाड वाहत आलं. फरशीपाशी गरकन फिरलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली ओढलं गेलं. पार लांब जाऊन त्याचा शेंडा वर निघाला. पिराजीनं बायकोचं मनगट धरलं. ती मग पाण्यातच उभी राहिली, लेकरांकडं बघत.

पृथ्वीराजनं भोकाड पसरलं. आक्काताईनं त्याला उचलून कडेवर घेतलं आणि पलीकडं हाळी दिली, "झुंबरे, काळजी करू नगं! माज्याकडं ठेवते दोघास्नी!"

पलीकडनं उत्तर आलं न्हाय.

आता ते का आलं न्हाय, हे गावातल्या सगळ्यांस्नी ठावं होतं. दोघी एकाच रानात तण भांगलायला जायच्या. एका वळीत बसायच्या, एकमेकीला हसायच्या. पण भाकरी सोडायची वेळ आली, की झुंबरबाई आपलं फडकं उचलून दहा हात लांब सरकायची. सासूनं घालून दिलेली रीत. आक्काताई कधी बोलली न्हाय, पण डोळे काय आंधळे होते?

बाकीची पोरं गावात वाटली. एसटी तर दुपारपासनंच बंद पडलेली, म्हणून बाईसुद्धा आक्काताईकडं राहिल्या. बाई जैन. त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत, त्यात कांदा-बटाटा चालायचा न्हाय. मग आक्काताईनं सगळ्या घराचाच स्वयंपाक लवकर उरकायचं ठरवलं. म्हणाली, "लाईट न्हायच गावात. अंधारात हुडकत खाण्यापरास उजेडात जेवलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या डोक्यात एक निघालं. मळ्यातल्या पोरांची हजेरी वढ्यावर घ्यायची! पोरं काठावर रांगेत उभी केली. पलीकडं आईबाप आलेलेच होते. आता नदीचं पाणी उलटं दाबून वढ्याला फूग आली होती, पाणी पसरलं होतं, पण थबकलं होतं. बाईंनी नाव पुकारायचं आणि पोरानं असा ओरडून "हजर!" म्हणायचं की पलीकडच्या आईच्या काळजाला ऐकू गेलं पाहिजे. शाळेत ज्या पोरांच्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय, ती पोरंसुद्धा गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती.

पृथ्वीराजचं नाव आलं. "हजर!"

पलीकडनं झुंबरबाई ओरडली, "काय खाल्लंस रं?"

"भाकरी! झुणका! आन् दूध!"

"कुनाकडं?"

सगळ्या काठानं कान टवकारले. श्रुतीला कळत होतं, ती खाली बघायला लागली. पृथ्वीराजला कुठलं कळायला? त्यानं छाती फुगवून सांगितलं, "आक्कामावशीकडं!"

झुंबरबाईनं डोक्यावरचं पोतं सारखं केलं. पिराजी आभाळाकडं बघतोय. मग ती ओरडली, "किती खाल्ल्यास?"

"दोन!"

"घरात एक सरत न्हाय तुज्याच्यानं, मुडद्या!"

दोन्ही काठ हसले. आक्काताई इतकी हसली, की डोक्यावरची खोळ घसरून पडली.

हजेरी झाली तरी बाई काठावरनं हलल्या न्हाईत. जयसिंगपूरच्या वाटेकडं बघत उभ्या होत्या. तिकडं त्यांचे मालक गोमटेश आणि लेक आदिती. निरोप जायला वाट न्हवती. आक्काताईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बाई, आमच्या पोरांची हजेरी तुमी घेतली. तुमची कोन घेनार?" बाईंनी पदरानं डोळं पुसलं आणि म्हणाल्या, "तूच घे की गं." आक्काताई लगेच ओरडली, "राजमतीबाई मगदूम!" पोरंच आधी ओरडली, "हजर!"

मधेच कधीतरी सरपंचांच्या घरचा फोन जिता झाला. बाईंनी आधी घरी लावला. लेकीचा आवाज ऐकून निवल्या. ठेवतात न ठेवतात तोवर तालुक्याचा आला. "शाळा बंद ठेवा, मुलांना ताबडतोब घरी पाठवा."

"साहेब, घरं पाण्यापलीकडं हायत."

"मग शाळेत ठेवा."

"शाळा तर बंद ठेवायचीय न्हवं?"

तिकडनं फोन पुन्हा मुका झाला, का साहेबांनी ठेवला, कुणास ठावं!

पाणी उतरलं, फरशी दिसायला लागली, तशी चिखल तुडवत सगळ्यांत आधी आली ती झुंबरबाई. हातात झाकलेलं लोटकं. आक्काताईच्या दारापतुर आली आणि तिथंच थांबली. पाय आत पडंना. आत पृथ्वीराज ताटावर बसलेला, आईला बघून हसला पण उठला न्हाय.

आक्काताई चुलीपासनंच म्हणाली, "ये की आत. का हितंबी वढा हाय?"

झुंबरबाईनं पाय धुतले आणि आत आली. लोटकं म्होरं केलं. "दही हाय. म्हशीचं." मग लेकाच्या शेजारी भुईवर बसली. पृथ्वीराजच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली, झुणक्याला लावली, खाल्ली. जरा चावत राहिली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय गं."

"उद्या तू कर. मी खायला येते," आक्काताई म्हणाली.

म्होरं शाळेत बैठक झाली. बाईंनी मांडलं, की पावसानं शाळा सोडायची पाळी आली तर मळ्यातल्या प्रत्येक पोराला गावात एक ठरलेलं घर पायजे. वढा चढला की पोरानं सरळ त्या घरी जायचं, कुणाला इचारायचं न्हाय. घरं मागायला जायची गरजच पडली न्हाय. "हे पोरगं माजं, ते माजं" म्हणून बायकांत भांडण लागलं. सरपंचांच्या वाट्याला एकबी पोर येईना, तर ते रुसून बसले. शेवटी बाईंनी त्यांना दोन पोरं दिली, तेव्हा हसले. झुंबरबाईला कुणी इचारायच्या आत ती उभी राहून म्हणाली, "माजी कुटं जानार, ते ठरलेलं हाय."

पुढल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस नुसती भुरभुर आली. आक्काताई धुणं आत घेत होती, तर दारात पृथ्वीराज. पाठीला दप्तर, डोक्याला खोळ.

"का रं, शाळा सुटली?"

"न्हाय. मदली सुट्टी."

"मग हितं कशाला आलास? वढ्याला घोटाभरबी पानी न्हाय."

पृथ्वीराजनं खोळ काढून खुंटीला अडकवली आणि चुलीपाशी जाऊन मांडी घातली.

"येईल की, मावशी. तवर भाकरी टाक."