दोन पाण्यांत एकेक पाय

"बाई, घरवाली सापडली!" एक मुलगी ओरडली आणि अख्खा वर्ग नदीत उभ्या उभ्या फिदीफिदी हसला.

बाईंनी हसू दिलं. बावीस वर्षं त्या मुलांना नदी शिकवत होत्या आणि बावीस वर्षांत हा विनोद काही शिळा झाला नव्हता. वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती घर बांधणाऱ्या अळीला कुठल्याशा जुन्या तुकडीनं ठेवलेलं ते नाव. दगडाखाली ती असली की पाणी चांगलं. नुसत्या तांबड्या अळ्या असल्या की पाण्याचं काही खरं नाही.

"मोजल्यास? मग दगड होता तसा ठेव. त्याच खड्ड्यात, तीच बाजू खाली. त्यांचं छप्पर आहे ते."

डोंगराकडून येणारा ओढा इथंच नदीला मिळायचा. मिळाल्यावरही दोन्ही पाणी बरंच अंतर शेजारी शेजारी वाहायचं. ओढ्याचं गार आणि नितळ, नदीचं कोमट, कारण वरच्या अंगाला कापड रंगवायचे कारखाने होते. बाई प्रत्येक मुलाला मधोमध उभं करायच्या, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. पायांना कळलं की तोंडानं सांगावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोजणी मात्र दोरी बांधून ओढ्याच्याच बाजूला. लेकरांना घाण पाण्यात हात कशाला घालायला लावायचे?

शाळेत परतल्या तर भूगोलाच्या सरांनी कौतुकानं वर्तमानपत्र पुढं केलं. "बाई, पेढे कधी? तुमच्या मोजणीच्या वह्या छापून आल्यात."

बाईंनी उभ्या उभ्याच वाचलं. कारखान्यांना आता दुप्पट पाणी नदीत सोडता येणार होतं. नदीची तब्येत ठणठणीत आहे, हे एका शाळेच्या बावीस वर्षांच्या मोजणीवरून सिद्ध झालं होतं. खाली अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो होता. तो बेडक्या होता.

बेडक्या म्हणजे त्यांच्या तिसऱ्या तुकडीतला, सगळ्यांच्या आधी पाण्यात उडी घेणारा. सहा महिन्यांपूर्वी तो घरी आला होता, स्वयंपाकघरात मांडी घालून दोन कप चहा प्यायला होता. "बाई, तुमच्या वह्यांचं पुस्तक व्हायला हवं. मी करतो." बाईंनी जुन्या साडीत बांधून सगळ्या वह्या त्याच्या हवाली केल्या होत्या. तो गेल्यावर त्यांना रडूसुद्धा आलं होतं, आनंदानं. आता ते आठवून त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

ओले बूट न बदलताच त्या त्याच्या कचेरीत गेल्या. तो लगबगीनं उठला, स्वतः खुर्ची ओढून दिली. बाई बसल्या नाहीत.

"बाई, मी एकही आकडा बदललेला नाही."

"माहीत आहे. मोजणी कुठं करतो आपण?"

"नदीवर."

"नदीवर कुठं?"

त्यानं पेन उघडलं, बंद केलं. "वहीत तसं कुठं लिहिलेलं नाही, बाई. मी प्रत्येक पान पाहिलंय."

ते खरं होतं. तारीख होती, हवा होती, मोजणाऱ्या पोरांची नावं होती. जागा कधीच लिहिली नव्हती. जिथं सगळे उभेच असतात, ती जागा लिहायचं कुणाला सुचणार?

"तू तिथं उभा होतास," बाई म्हणाल्या. "मी तुझं बखोट धरलं होतं. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. काय म्हणाला होतास?"

त्यानं आवाज खाली आणला. "वरून दबाव होता. मलाही बायकापोरं आहेत."

"वह्या दे माझ्या."

"त्या आता फायलीला जोडल्यात. झेरॉक्स देतो हवं तर."

बाई वळल्या. फरशीवर त्यांच्या बुटांचे ओले ठसे उमटले होते, त्यांवरूनच त्या परत गेल्या. बाहेरच्या कारकुनानं विचारलं, "कोण होत्या?" तेव्हा आतून उत्तर आलं, "शाळेतल्या एक बाई." ते त्यांना जिन्यापर्यंत ऐकू आलं. त्यांना वह्यांहून ते जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात नवी तुकडी आली. बाईंनी मुलांना काठावर बसवलं, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले, आणि ओढ्याचं पाणी ओलांडून एकट्याच नदीच्या बाजूला गेल्या. पाणी पायांना कोमट लागलं. त्यांनी दगड पालथा केला. खालची बाजू बुळबुळीत, निळसर होती. तांबडी अळीसुद्धा नव्हती.

"बाई, काय सापडलं?" काठावरून वही घेतलेल्या मुलीनं विचारलं.

"काही नाही."

"मग शून्य लिहू?"

"लिही. पण आधी जागा लिही. ओढ्यापलीकडे, कारखान्यांच्या पाण्यात, काठापासून बारा पावलं."

मुलगी लिहीपर्यंत बाई दगड हातात धरून थांबल्या. मग वाकून त्यांनी तो त्याच खड्ड्यात, तीच बाजू खाली करून ठेवला.