दहा किलोच्या शरण्याची खुर्ची

मित्रांनो, मी मोटारीत लहान मुलांना बसवायची खुर्ची आहे. माझं वय तीनच वर्षं, तरी आता माझी गणना जुन्यांत होते. असं का, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

तमिळ मुलखातल्या ओरगडमजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बाहेरून कडक प्लास्टिक, आत फोमचा जाड थर आणि खांद्यांवरून, कमरेवरून येणारे पट्टे. तिथून मी तिरुवल्लिकेणीला गिरीधर आणि कमलिनी यांच्या घरी आले. गिरीधर तंजावरकडच्या मराठी घरातला. कमलिनी साताऱ्याची, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांच्या लेकीला, शरण्याला, सगळे पाप्पा म्हणत, म्हणजे तमिळमध्ये बाळ.

गिरीधरच्या आईला, सीतालक्ष्मींना, मी मुळीच आवडले नाही. "लेकराला असं बांधून घालतात काय?" त्या म्हणाल्या. "तीन लेकरं मी मांडीवर घेऊन फिरले. मज एवढं पोर धरवत नाही काय?"

पाप्पा आजीच्या मांडीवर बसे आणि मी डिकीत पडून राही. मला वाईट वाटे, पण बोलणार कोण?

एका सकाळी कमलिनीने कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं करून सासूबाईंपुढे ठेवलं.

"आई, ताशी चोपन्न किलोमीटर म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. गाडी कशावर आदळली, तर सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. पंधराला त्या दहाव्या भागाने भागलं की दीडशे. हे झालं त्वरण, फक्त उलट्या दिशेचं. पाप्पा दहा किलोची. दहा गुणिले दीडशे, पंधराशे न्यूटन. तिला थांबवायला एवढं बल हवं."

"ते न्यूटन मला काय कळतात?"

"दीडशे किलोचं ओझं धरून ठेवण्याइतकं, आई. तांदळाच्या पंचवीस किलोच्या सहा गोण्या. तुम्हाला एकदम धरवतील?"

सीतालक्ष्मींनी ते पान घडी करून कमरेला खोचलं. मग म्हणाल्या, "बसव तिला. पण मी शेजारीच बसणार."

त्यानंतर दोन वर्षं मी पाप्पाला सांभाळलं. तिचे बिस्किटाचे चुरे, झोपेतली लाळ, सगळं माझ्यावर सांडलं. ते माझे सुखाचे दिवस.

मग एका दुपारी आवडी नावाच्या गावाला जाताना पुढची लॉरी अचानक थांबली. गिरीधरने ब्रेक दाबला, तरी गाडी आदळलीच. पाप्पा जोरात पुढे गेली. माझे पट्टे ताणले गेले, फोम दबला, आतून काहीतरी करकरलं. पण मी तिला सोडलं नाही. ती भेदरून रडली, एवढंच. आजीचं मनगट मात्र मोडलं.

"तिला धरायला माझा हात आपोआप गेला," त्या नंतर कमलिनीला हळूच म्हणाल्या. "तिच्यापर्यंत पोचलाच नाही ग."

महिन्याभराने शेजारच्या अलमेलू आल्या. त्यांच्या मुलीला बाळ झालं होतं. "खुर्चीला ओरखडासुद्धा नाही. आम्हाला द्या की," त्या म्हणाल्या.

"नको," सीतालक्ष्मी म्हणाल्या. "एकदा एवढा भार सोसला हिने. आत काय तडकलंय ते आपल्याला दिसत नाही. बाळासाठी नवीच घ्या."

मित्रांनो, धडक सोसलेली माझ्यासारखी खुर्ची कितीही धड दिसली, तरी तिच्यात दुसरं मूल बसवू नका. आम्हाला जपू नका, मुलांना जपा.

अलमेलू गेल्यावर सीतालक्ष्मींनी कात्री घेतली. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताने त्या माझे पट्टे कापू लागल्या, कुणी मला उचलून पुन्हा वापरू नये यासाठी. पट्टे चिवट होते; वेळ लागला. शेवटचा पट्टा तुटल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग मला दाराबाहेर ठेवलं.